बियांपासून फळझाड: घरच्या घरी रोप कसं वाढवायचं

मे महिन्यात आमरसाचा बेत झाला की आमच्याकडे मोरीशेजारी कोयांची बादली भरायची. त्यातल्या चार-पाच कोया आई दरवर्षी बाजूला काढायची, "पावसाळ्यात लावू" म्हणून. स्वच्छ धुवायची, गच्चीवर कडक उन्हात महिनाभर वाळवायची आणि जूनअखेरीस मातीत घालायची. एकही उगवायची नाही. माती वाईट आहे, बोअरचं पाणी खारं आहे, आपल्या हाताला गुण नाही, अशी कारणं आम्ही वर्षानुवर्षं काढत राहिलो. खरं कारण गच्चीवरचं ऊन होतं. आंब्याचं बी वाळलं की मरतं.

पुढे एका वर्षी रस काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोया पिशव्यांत लावल्या आणि सहापैकी पाच उगवल्या. तेव्हापासून घरात बी टाकून दिलं जात नाही. लिंबू, सीताफळ, पपई, जांभूळ, फणस, सगळं करून पाहिलंय. पहिल्यांदाच हे करणाऱ्याला ज्या क्रमाने माहिती लागते, त्या क्रमाने लिहितो.

बी लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा

हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही. कोयीतलं बी हे त्या झाडाचं आणि माश्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी आंब्यावरून आणलेल्या परागाचं मिळून झालेलं असतं. म्हणून हापूसच्या एकाच झाडाच्या दहा कोया लावल्या तर दहा वेगवेगळी झाडं होतात. एखाद्याचं फळ गोड, एखाद्याचं आंबटढाण, एखादं रेषाळ. कोकणात अशा झाडाला रायवळ म्हणतात. फळ धरायला ७-८ वर्षं, कधी १० वर्षंही लागतात. हे माहीत नसताना कोय लावली आणि आठ वर्षांनी लहान, आंबट फळ हातात आलं, तर मन खट्टू होणारच. म्हणून हे पहिल्यांदा सांगतो.

पण याच वेगळेपणातून आपल्याकडची काही उत्तम फळं निघाली आहेत. 'गणेश' डाळिंब घ्या. आळंदी या जातीच्या डाळिंबाच्या बियांपासून पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात रोपं वाढवली होती, त्यांतलं एक झाड डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली निवडलं. तेच पुढे महाराष्ट्रभर गणेश नावाने लागलं. सरदार पेरू, म्हणजे लखनौ-४९, हाही तिथेच बियांच्या रोपांतून निवडलेला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रत्ना आंबा नीलम आणि हापूस यांच्या संकराचा, म्हणजे त्याचंही पहिलं झाड कोयीतूनच उगवलं. तुमच्या अंगणात रत्ना निघेलच असं नाही. पण कोयीतून आलेलं झाड हे जगात त्या एकाच ठिकाणी असलेलं झाड असतं, आणि मला ही गोष्ट मोठी वाटते.

सगळीच फळं आंब्याइतकी बेभरवशाची नसतात. कागदी लिंबाचं बी बरंचसं आईवर जातं. त्याच्या एका बीतून बहुतेक वेळा दोन-तीन कोंब येतात, आणि त्यातले बरेचसे परागाशी संबंध न येता थेट आईच्या पेशींपासून तयार झालेले असतात. आपल्याकडे लिंबाच्या बागाच्या बागा बियांच्या रोपांवर उभ्या आहेत त्या यामुळेच. जांभळाच्या बीतूनही असे तीन-चार कोंब येतात. सीताफळ थोडंफार बदलतं, पण खायला लागेल असं फळ बहुधा मिळतंच. नारळाला तर दुसरा मार्गच नाही. त्याचं कलम होत नाही, नारळ नारळापासूनच.

एवढं वाचून तुम्हाला ठरावीक जातीचंच फळ हवं असेल, तरीही बी लावा. त्या रोपावर हव्या त्या जातीचं कलम बांधता येतं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

नवख्या माणसाने सुरुवात पपई, लिंबू आणि सीताफळ या तिघांपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पपई वर्षाच्या आत फळ देते, त्यामुळे धीर टिकतो. लिंबू आणि सीताफळ मोठ्या कुंडीतही जगतात. आंबा, फणस, जांभूळ लावायचे तर आधी जागा बघा. घराच्या भिंतीपासून, टाकीपासून, ड्रेनेजच्या पाइपापासून किमान २०-२५ फूट अंतर मिळत नसेल, तर रोप जरूर करा, पण गावी किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडे लावायला द्या.

थांबणारं बी आणि न थांबणारं बी

सगळ्या लेखातली ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी निम्मं काम झालं.

आंबा, फणस, जांभूळ, रातांबा (कोकम) ही फळं उन्हाळ्याच्या शेवटी पिकतात. बी खाली पडतं आणि लगेच पाऊस येतो. त्या बियांना वाट बघायची कधी गरजच पडली नाही, त्यामुळे त्यांच्यात थांबण्याची ताकद नाही. आतला ओलावा गेला की जीव गेला. जांभळाचं बी तर दहा-पंधरा दिवसांतच निकामी व्हायला लागतं. फणसाची आठळी आणि आंब्याची कोय जरा जास्त टिकतात, पण आठवड्याच्या आत लावलेली बरी. गावाहून आणायच्या असतील तर ओलसर कोकोपीटमध्ये किंवा लाकडाच्या भुशात गुंडाळून आणा. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीनेही ती मरतात.

सीताफळाची गोष्ट उलटी. फळ दसरा-दिवाळीच्या सुमाराला पिकतं, आणि पुढचा पाऊस आठ महिन्यांवर असतो. म्हणून त्याचं काळं बी असं टणक, तुकतुकीत कवच घालून बसतं. ते सुकवून कागदाच्या पुडीत ठेवलं तर पुढच्या जूनपर्यंत सहज राहतं. चिंचोका, आवळ्याचं बी हीही थांबणारी मंडळी. पपईचं बीसुद्धा सावलीत वाळवून काही महिने ठेवता येतं.

लिंबू मधलं. ते लगेच मरत नाही, पण वाळलं की उगवण झपाट्याने कमी होते. लिंबू कापलं, बी काढलं, धुतलं, त्याच दिवशी लावलं, हे सगळ्यात चांगलं.

सफरचंद, नाशपाती, चेरी यांच्या बियांना अंकुरण्याआधी दोन-तीन महिने ओलसर थंडी लागते. ती फ्रिजमध्ये देता येते, रोपही येतं. पण पुण्या-नागपुरात त्या झाडाला पुढे हिवाळ्यात हवी तेवढी थंडी मिळत नाही आणि फळाची आशा धरता येत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

बी तयार करणं

आंबा. पूर्ण पिकलेलं, झाडावर पोसलेलं फळ घ्या. कार्बाइड लावून कच्च्यातच पिवळ्या केलेल्या आंब्याची कोय अनेकदा आत पोचट निघते. कोय ब्रशने घासून गर काढा, नाहीतर मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात. एक रात्र सावलीत ठेवा, म्हणजे हातातून सटकणार नाही. मग छाटणीच्या कात्रीने कोयीच्या बारीक टोकाकडून कडेचा पापुद्रा कापत जा आणि शिंपला उघडावा तसं कवच दोन्ही हातांनी फाकवा. आत मूत्रपिंडाच्या आकाराचं बी दिसेल, वर तपकिरी कागदासारखं पातळ साल. बी फिकट हिरवट-पांढरं आणि घट्ट असेल तर उत्तम. काळा डाग, भुगा किंवा बारीक भोक दिसलं तर आत कोयीतला भुंगा आहे, ते टाकून द्या. कवच न काढता लावलेली कोयही उगवते, पण उशिरा, आणि आत किडलेलं कळत नाही. साधी चाचणी म्हणजे बी पाण्यात टाका. बुडलं ते घ्या, तरंगलं ते सोडा.

फणस. आठळीवरची बुळबुळीत साल पाण्यात चोळून काढा. मोठी, जड आठळी निवडा. कापा (घट्ट गऱ्यांचा) असो वा बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा), रोप सारखंच येतं, पण फळ कापा निघेल की बरका याची खात्री नाही.

पपई. बिया एका पारदर्शक, चिकट पिशवीत असतात, आणि त्या पिशवीतच उगवण रोखणारं द्रव्य असतं. ती फोडल्याशिवाय बी नीट उगवत नाही. बिया चाळणीत घेऊन चुलीची राख किंवा वाळू घालून चोळा, टपटप फुटल्याचं बोटांना कळतं. धुवा, सावलीत दोन-तीन दिवस सुकवा. बी घेताना फळाचा आकार बघा. लांबट पपई बहुतेक वेळा नर-मादी दोन्ही अंगं असलेल्या फुलापासून झालेली असते. तिच्या बियांत निव्वळ नर झाडं निघण्याची शक्यता कमी. गोल फळ मादी झाडाचं, त्याच्या बियांत नर भरपूर निघू शकतात.

सीताफळ. वाळलेल्या बियांच्या टोकाचं टणक कवच सँडपेपरवर दोन-तीनदा घासा, आतला पांढरा भाग दिसेपर्यंत नको, फक्त चकाकी जाईपर्यंत. मग कोमट पाण्यात दिवसभर भिजवा. बी फोडू किंवा कुटू नका. सीताफळाच्या बियांची पूड विषारी असते, डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते. लहान मुलं मदतीला असतील तर घासायचं काम मोठ्यांनीच करावं आणि लगेच हात धुवावेत.

लिंबू. धुऊन वरचा बुळबुळीतपणा घालवा. घाई असेल तर वरचं पांढरं साल नखाने अलगद सोलता येतं, त्याने उगवण काही दिवस लवकर होते. नवशिक्याने ते केलं नाही तरी चालतं.

पेरू आणि डाळिंब. बी बारीक, गराने माखलेलं. चाळणीत वाहत्या पाण्याखाली चोळा आणि रात्रभर भिजवा. बस्स.

पिशवी आणि माती

दुधाची रिकामी एक लिटरची पिशवी हे घरातलं सगळ्यात चांगलं भांडं. धुवा, खाली आणि बाजूला मिळून आठ-दहा भोकं पाडा. पपई, पेरू, डाळिंब यांना अर्ध्या लिटरची पुरते. आंबा, फणस, सीताफळ, जांभूळ यांना खोली हवी, कारण त्यांचं सोटमूळ आधी सरळ खाली धावतं आणि वर दोन पानं दिसेपर्यंत खाली वीतभर मूळ गेलेलं असतं. उथळ कपात किंवा आइसक्रीमच्या डब्यात लावलं की ते मूळ तळाशी गोल फिरतं. गोल फिरलेलं मूळ जमिनीत गेल्यावर सरळ होत नाही. झाड चार वर्षं बरं दिसतं आणि मग एखाद्या वादळात आडवं होतं.

मातीचं प्रमाण मी असं घेतो: दोन घमेली पोयट्याची किंवा तांबडी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं जाड वाळू. वाळू मिळत नसेल तर कोकोपीट. काळी चिकट माती असेल तर वाळू दुप्पट करा. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. ताजं शेण कधीही घालू नका. त्याची उष्णता कोवळ्या मुळांना सोसत नाही, आणि त्यातून हुमणीची अळी येते, जी मुळं कुरतडते. खत कुजलंय का हे नाकाने ओळखा. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर ते तयार आहे.

मिश्रण मुठीत दाबून बघा. गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा. फुटला नाही तर निचरा कमी आहे.

पेरणी

बी स्वतःच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल. पेरू-डाळिंबावर फक्त मातीचा पातळ थर भुरभुरवायचा, पपई-लिंबू बोटाच्या एका पेरापेक्षा कमी खोल, सीताफळ पेरभर. आंब्याचं बी उभं लावा, कुबड वर आणि पोट खाली, वर दोन-अडीच सेंटिमीटर माती. फणसाची आठळी आडवी. चुकून उलटं लागलं तरी बी आपली वाट शोधतं, पण मग मानेला वळण येतं आणि खोड वाकडं होतं.

एका पिशवीत मोठं बी एक, लहान बी दोन-तीन. झारीने पाणी द्या, मग पिशव्या सावलीत, पण उजेडात ठेवा. विरळ सावली हवी, खोलीच्या कोपऱ्यातला अंधार नको. खारी, उंदीर आणि घुशी आठळ्या-कोया उकरून नेतात, म्हणून पिशव्यांवर भाजीचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून वर विटा ठेवा. दोन वर्षं आमच्या आठळ्या उंदरांनीच खाल्ल्या. तिसऱ्या वर्षी क्रेट आला आणि प्रश्न मिटला.

आता वाट बघायची. पपई, जांभूळ साधारण दोन-तीन आठवडे. आंबा, लिंबू, पेरू दोन ते चार आठवडे. फणस तीन ते सहा आठवडे. सीताफळ महिना ते दीड महिना, कधी त्याहून जास्त. या काळात माती उकरून "मोड आला का" बघायचा मोह फार होतो. मोड बोटाच्या धक्क्याने तुटतो आणि मग बी संपतं. पिशवीवर जाड पेनने फळाचं नाव आणि पेरल्याची तारीख लिहा, म्हणजे उकरावंसं वाटणार नाही.

आंबा उगवतो तेव्हाची पहिली पानं एकदा जवळून बघा. तांब्याच्या रंगाची, ओल्या रेशमासारखी, खाली लोंबणारी. रोप सुकलंय असं वाटून नवखे लोक त्यावर पाणी ओततात. ते सुकलेलं नसतं. कोवळी पानं तशीच लोंबतात, आठ-दहा दिवसांत हिरवी होऊन ताठ होतात.

पहिले तीन महिने

जास्तीत जास्त रोपं मरतात ती जास्त पाण्याने. संध्याकाळी ताठ उभं असलेलं पपईचं रोप सकाळी आडवं पडलेलं दिसतं, खोड मातीच्या रेषेशी पाणचट आणि दोऱ्यासारखं बारीक झालेलं. ही मर. बुरशीमुळे होते आणि एकदा झाली की ते रोप वाचत नाही. शेजारची वाचवायची तर पाणी थांबवा, पिशव्या एकमेकींपासून दूर करा, वारा खेळू द्या. मातीत सुरुवातीलाच चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळली तर हा त्रास बराच कमी होतो, कृषी सेवा केंद्रात ती पावडर मिळते. पाणी देण्याआधी बोट एक पेर मातीत घालून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. आणि पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको.

एका पिशवीत दोन-तीन रोपं आली तर चार पानांवर आल्यावर सगळ्यात जोमदार ठेवा आणि बाकीची कात्रीने बुंध्याशी कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. लिंबात जे रोप इतरांपेक्षा वेगळं दिसतं, पान निराळं किंवा वाढ खुरटी, ते काढा. सारखी दिसणारी दणकट रोपं बहुधा आईवर गेलेली असतात.

लिंबाच्या रोपावर रोज नजर ठेवा. पानावर पक्ष्याची शिट पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर नीट बघा, ती अळी असते. लिंबावरच्या फुलपाखराची ही अळी काही दिवसांत हिरवी होते आणि लहान रोपाची सगळी पानं फस्त करते. पाच-सात रोपांसाठी औषध नको, हाताने वेचून लांबच्या कढीलिंबावर सोडा. मोठा कढीलिंब तिला सहज पुरतो.

महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, एवढंच खाणं. युरियाचा दाणाही नको. दोन महिन्यांनी पिशव्या हळूहळू उन्हात आणा. आधी सकाळचं तासभर ऊन, आठवड्याने दोन तास, महिन्याभराने पूर्ण. एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून जळतात.

कलम करायचं असेल तर

आंब्याचं कोयकलम घरी शिकता येण्यासारखं आहे. कोकणातल्या रोपवाटिकांमध्ये जून ते ऑगस्टमध्ये हजारोंनी बांधली जातात. रोप १०-१५ दिवसांचं, पानं अजून तांबूस असताना घ्यायचं. कोयीपासून चार बोटं वर खोड आडवं कापायचं आणि मधोमध दीड-दोन इंच उभी चीर द्यायची. ज्या जातीचं फळ हवं त्या झाडाची तीन-चार महिन्यांची, रोपाच्या खोडाइतक्याच जाडीची, टोकाचा डोळा फुगलेली काडी आणायची. आठ-दहा दिवस आधी झाडावर असतानाच तिची पानं देठ ठेवून छाटली तर डोळा चांगला फुगतो. काडीच्या खालच्या टोकाला दोन्हीकडून तासून पाचर करायची, ती चिरेत अशी बसवायची की निदान एका बाजूची साल सालीला भिडेल, आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. वरून पारदर्शक पिशवीची टोपी, सावलीत ठेवणं. महिन्याभरात डोळा फुटला की जमलं. जोडाच्या खालून येणारा फुटवा दिसला की लगेच खुडायचा, नाहीतर तो वरच्याला मारून स्वतः वाढतो.

सुरी ब्लेडसारखी धारदार हवी आणि काप एका ओढीत झाला पाहिजे. माझ्या पहिल्या दहांपैकी दोनच जगली. जवळपास कलम बांधणारा माळी असेल तर एक सकाळ त्याच्याशेजारी बसा, त्याचा अंगठा काडीवर कसा टेकतो ते बघा. वाचून हे अर्धंच कळतं. कलमाच्या आंब्याला तीन-चार वर्षांत मोहोर येतो.

मला दुसरी वाट जास्त आवडते: कोय जिथे झाड हवं तिथेच जमिनीत लावायची, आणि वर्षाभराने त्या जागीच कलम बांधून घ्यायचं. पिशवीतलं मूळ कितीही जपलं तरी थोडं दुखावतंच. जागेवर उगवलेल्याचं सोटमूळ अखंड खाली जातं, आणि कमी पावसाच्या भागात उन्हाळा काढायला तेच उपयोगी पडतं.

जमिनीत लावताना

खड्डा एप्रिल-मेमध्येच घ्या, दोन फूट लांब, रुंद, खोल. आंबा-फणसासाठी तीन फूट. महिनाभर ऊन खाऊ द्या, त्याने किडी-बुरशी कमी होतात. वरची माती वेगळी ठेवलेली असते, ती दोन-तीन घमेली शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून परत भरा. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती बसली की लावणी. मुसळधार पावसाच्या आठवड्यात नको.

पिशवी ब्लेडने कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच रोप गाडा. खोड जास्त खोल गेलं तर बुंधा कुजतो. पपईला तर बुंध्याशी पाणी थांबलेलं अजिबात चालत नाही, तिला उंचवट्यावरच लावा. एका खड्ड्यात पपईची तीन रोपं वीतभर अंतराने लावा. चार-सहा महिन्यांनी फुलं आली की नर-मादी ओळखता येतात. लांब, लोंबत्या दांड्यांवर बारीक फुलांचे झुपके म्हणजे नर. पानाच्या देठाशी, खोडाला चिकटून जाड फूल म्हणजे फळ देणारं. नर कापा, चांगलं एक ठेवा. घरात मादी झाडच उरलं आणि आसपास दुसरी पपई नसेल, तर एखादा नर राहू द्या, परागासाठी लागतो. रातांब्यातही नर-मादी वेगळे असतात, पण तिथे कळायला ६-७ वर्षं जातात, म्हणून त्याची कलमंच लावावीत.

कुंडीत वाढवायचं असेल तर लिंबू, डाळिंब, पेरू, सीताफळ यांना शेवटी १८-२० इंची कुंडी किंवा अर्धा ड्रम लागतो. एकदम त्यात नको. पिशवीतून १० इंचीत, वर्षाने मोठीत. पेरू आणि डाळिंब तीन-चार वर्षांत, सीताफळ चार-पाच, लिंबू पाच किंवा थोडं जास्त, असा हिशेब धरा. या काळात झाड आटोपशीर दिसावं म्हणून सारखे शेंडे खुडू नका. बियांच्या झाडाला फुलावर येण्याआधी ठरावीक वाढ पूर्ण करावी लागते, आणि दर छाटणीने ती मागे पडते. वाळकी फांदी आणि बुंध्यातला फुटवा, एवढंच काढा.

सगळ्यात कठीण काळ पहिल्या उन्हाळ्याचा. पावसाळ्यात वाढलेलं, दिवाळीत छान दिसणारं रोप एप्रिलमध्ये जातं. फेब्रुवारी संपायच्या आत आळ्यात चार बोटं जाड पालापाचोळा, उसाचं पाचट किंवा वाळलेलं गवत पसरा, पण बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी खोडावर चढते. पश्चिमेच्या बाजूला दोन काठ्या रोवून गोणपाट बांधा, दुपारनंतरचं ऊन तेवढं अडलं तरी पुरे. रोपापासून फूटभर अंतरावर तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भोकात कापसाची वात घाला आणि आठवड्यातून दोनदा मडकं भरा. गावी लावलेलं झाड असेल आणि रोज जाणं होत नसेल, तर हे मडकंच त्याला जगवतं. तोंडावर झाकण म्हणून एक कौल ठेवा, म्हणजे पाणी उडत नाही आणि त्यात डास होत नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात मडकं दोन फूट लांब सरकवा, कारण मुळं तोवर तिथपर्यंत गेलेली असतात.